कँपातून बेटावर

दिवाळीचा फराळ अजून डब्यांत पुरता गेलेला नसतो, तोच आमच्या अंबरनाथच्या चाळीवजा इमारतीत एक प्रश्न जिन्यावरून खालीवर फिरू लागतो : "यंदा कुठे?" पूर्वी याचे उत्तर सोपे असे. माथेरान, महाबळेश्वर, नाहीतर मुलांच्या मामाचे गाव. आता काळ बदलला. आता कोणी तंबूत निजायला जातो, कोणी दोरीला लोंबकळायला जातो, आणि गेल्या दोनतीन वर्षांत तर एक नवीनच टूम निघाली आहे. एखादे बेट गाठायचे, तिथे तंबू ठोकायचा आणि 'कयाक' नावाच्या होडीत बसून मासे धरायचे.

कयाक म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगतो, कारण मलाही ते पुतण्याकडूनच कळले. ही होडी मूळची ग्रीनलंडकडच्या इन्युइट लोकांची. वाहून आलेल्या लाकडांचा नाहीतर हाडांचा सांगाडा करायचा, त्यावर सीलचे कातडे ताणून शिवायचे आणि एका माणसापुरती, टाकळ्यासारखी अरुंद होडी तयार करायची. वल्हे एकच, पण त्याला दोन्ही टोकांना पाती. बर्फाच्या समुद्रात ते लोक या होडीतून शिकार करीत. न केली तर घरी चूल पेटत नसे. आता तीच होडी प्लॅस्टिकची झाली आहे, आणि आपण पैसे भरून तिच्यात बसतो.

आमचा पुतण्या बदलापूरला राहतो. त्याने पहिल्या पगारवाढीत फुगवायची कयाक घेतली. घडी घातली की पाठीवरच्या पिशवीत मावते, पंपाने हवा भरली की दोन माणसे बसतात. ती पाहून आमच्या सौभाग्यवतींनी पहिलाच प्रश्न असा विचारला, की तो विकणाऱ्यालाही सुचला नसेल.

"मासे धरायला गळ लागतो ना? आणि गळ होडीला लागला तर?"

पुतण्या म्हणाला, "काकू, हवेचे तीन वेगळे कप्पे आहेत. एक फुटला तरी दोन राहतात."

"आणि अक्कल किती कप्प्यांत आहे?" काकूंनी विचारले. पण त्यांचे डोळे हसत होते. म्हणजे बेत पसंत होता.

प्रश्न उरला बेटाचा. तसे पाहिले तर आम्ही अंबरनाथ-बदलापूरची मंडळी रोज सकाळी बेटावरच जातो. कळव्याची खाडी ओलांडून गाडी ठाण्यात शिरली, की साष्टी बेट सुरू झाले. हे बेट खाड्यांनी वेढलेले आहे, आणि उत्तरेकडून त्याला वळसा घालणाऱ्या खाडीत आमचीच उल्हास नदी वाहते. मी ही माहिती घरात मोठ्या आढ्यतेने सांगितली. त्यावर उत्तर आले, "रोज बेटावर जाता आणि येताना कोथिंबीर विसरता. आता खरे बेट बघा."

खरे बेट वांगणीच्या बाजूला सापडले. हिवाळ्यात नदी जरा आवरून वाहू लागली, की बदलापूरच्या वर तिच्या पात्रात काळ्या खडकांचे उंचवटे मोकळे होतात. त्यांतल्या एकावर चारदोन झाडे होती आणि दोन तंबूंपुरती सपाट जागा होती. एका बाजूने खोल डोह, दुसऱ्या बाजूने घोट्याएवढे पाणी. प्रजासत्ताक दिनाला जोडून रविवार आला होता. दिवस ठरला.

तंबूसाठी मी उल्हासनगरला गेलो. चार नंबरच्या कँपात ताडपत्री आणि कॅन्व्हासचे एक दुकान आहे. आमच्या गॅलरीचे पावसाळी पडदे वर्षानुवर्षे तिथूनच येतात. दुकान आता मुलगा चालवतो. वडील ऐंशीच्या पुढचे. गल्ल्यामागच्या खुर्चीवर बसून असतात. सगळे त्यांना 'दादा' म्हणतात, म्हणून आम्हीही दादाच म्हणतो. मी म्हणालो, "दादा, तंबू पाहिजे. कँपिंगला जायचे आहे."

दादा खदखदून हसले. "कँपिंग! अरे साईं, आम्ही सात वर्षे कँपिंग केले. एक पैसा पडला नाही."

उल्हासनगरात 'कँप' हा शब्द इतका रुळला आहे, की त्याचा अर्थ आपण विसरूनच गेलो आहोत. 'एक नंबर', 'तीन नंबर' म्हणून आपण बिनदिक्कत पत्ते सांगतो. पण हा खराखुरा कँप होता. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराची छावणी होती. युद्ध संपले, सैनिक गेले, बराकी रिकाम्या राहिल्या. १९४७ साली देशाचे दोन तुकडे झाले आणि सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना या बराकींत उतरवले गेले. एका बराकीत अनेक कुटुंबे, आणि दोन कुटुंबांच्या मधली भिंत म्हणजे गोणपाटाचा पडदा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वेळचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीच्या शहराची कोनशिला बसली आणि शेजारून वाहणाऱ्या नदीवरून त्याचे नाव 'उल्हासनगर' ठेवले गेले.

दादा तेव्हा दहाअकरा वर्षांचे होते. कराचीहून बोटीने मुंबई, मुंबईहून गाडीने कल्याण. वडिलांचे सक्करला कापडाचे दुकान होते. इथे आल्यावर आईने पापड लाटले आणि हा मुलगा ते लोकलमध्ये विकू लागला. हे सगळे ते अगदी हसतहसत सांगतात. त्या दिवशीही तसेच सांगत होते. मी सहज म्हटले, "तंबू बेटावर लावायचा आहे, आणि होडीतून मासे धरायचे आहेत." तशी त्यांचे हसणे थांबले.

"बेट? नदीतले?"

"हो. उल्हास नदीतले."

"मी येतो," दादा म्हणाले.

मुलगा गल्ल्यावरून ओरडला, "बाबा, तुमचे गुडघे!" पण दादांनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही. मला म्हणाले, "तंबूचे पैसे नको. मला घेऊन चला."

असे आम्ही सहाजण शनिवारी सकाळी कर्जतच्या गाडीत चढलो. मी, सौ., आमची नववीतली मुलगी, पुतण्या, दादा आणि दुकानातला एक नोकर, ज्याला मुलाने दादांवर नजर ठेवायला पाठवले होते. कयाकची पिशवी पाहून शेजारच्या प्रवाशाने विचारले, "हार्मोनियम आहे का?" पुतण्याने होडी आहे म्हणून सांगितले, तेव्हा त्याने एकदा पिशवीकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिले आणि वांगणीपर्यंत पुढे बोलला नाही.

नदीकाठी कातकऱ्यांची एक वाडी आहे. तिथले एक गृहस्थ जाळे विणत बसले होते. काठावर त्यांना सगळे 'मामा' म्हणतात. बेटावर दोन रात्री राहायचे म्हटल्यावर मामांनी आधी आमच्या तंबूकडे पाहिले, मग आकाशाकडे, मग सरपणाचा आणि राखणीचा दर सांगितला. सौभाग्यवतींनी घासाघीस केली, मामांनी दहा रुपये सोडले, दोघेही समाधानी झाले. मग मामा आमच्याबरोबर बेटावर आले, आणि पुतण्याने निवडलेली पाण्याकाठची छान वाळूची जागा पाहून त्यांनी मान हलवली.

"इथं नको. वरच्या खडकावर लावा. रातच्याला पाणी चढतं."

"जानेवारीत?" पुतण्याने विचारले. "पाऊस कुठे आहे?"

"पाऊस नाय. लायटीचं पाणी."

या 'लायटीच्या पाण्या'चा उलगडा असा. सह्याद्रीच्या माथ्यावर आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. त्याचे पाणी घाट उतरवून कर्जतजवळ भिवपुरीच्या वीजघरात आणतात. टाटांचे हे वीजघर १९२२ साली सुरू झाले. वीज करून झाली, की ते पाणी उल्हास नदीत सोडतात. वास्तविक हा घाटमाथ्यावरचा पाऊस पूर्वेकडे वाहून भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचा. तो वळून आमच्या बाजूला आला, म्हणून तर उल्हास उन्हाळ्यातही वाहती राहते, आणि बदलापूरपासून कल्याणपर्यंतच्या लाखो घरांतल्या नळांना पाणी येते. खालच्या बाजूला बारवी धरणाचे पाणी येऊन तिला मिळते. पण वीज सारखी एकाच मापाने लागत नाही. मुंबईत जास्त दिवे लागले, की इकडे नदी फुगते. आपण घरी खटका दाबतो आणि कुठेतरी एक नदी वीतभर वर येते, हे मला इतकी वर्षे नदीच्या काठी राहून माहीत नव्हते. मामांना माहीत होते.

तंबू वरच्या खडकावर लागले. रात्री घोट्याएवढे पाणी गुडघ्यापर्यंत आले. पुतण्याने दिवसा ज्या वाळूवर रेघ मारून ठेवली होती, ती वाळू सकाळी दिसलीच नाही. आमचे नावापुरते बेट रात्री खरेखुरे बेट झाले होते. वाचकांपैकी ज्यांना नदीकाठी मुक्काम करायची हौस असेल त्यांना एवढेच सांगतो, की तंबू, होडी, जाकिटे बाजारात मिळतात. काठावरचा मामा बाजारात मिळत नाही. त्याला आधी विचारावे. पावसाळ्यात तर त्यानेही हो म्हटले तरी जाऊ नये. याच बदलापूर-वांगणीच्या मध्ये २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. चौफेर पाणी आणि मधे गाडी, आत हजारावर माणसे. दुसऱ्या दिवशी त्यांना होड्यांतून बाहेर काढावे लागले.

रविवारी सकाळी होडी फुगली. अंगात जाकीट घातल्याशिवाय कोणी पाण्यात उतरायचे नाही, असा काकूंचा हुकूम होता. मी बसलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की कयाकमध्ये माणूस नदीच्या अंगावर बसतो. पाणी हाताच्या अंतरावर असते. खंड्या डोक्यावरून सुळकन जातो. पुलावरून, गाडीतून मी ही नदी हजारो वेळा पाहिली असेल, पण इतक्या जवळून कधीच नाही.

मासे धरण्याचे काम मात्र मुलीला जमले. कणकेची गोळी, थोडी हळद, गळ पाण्यात, आणि गप्प बसणे. आमच्या घरात गप्प बसण्याची परीक्षा ती एकटीच पास होऊ शकते. तासाभरात तिने चार चिलापी काढल्या. दादा खडकावर बसून पाहात होते. त्यांनी विचारले, "हा मासा इथलाच?"

मामा म्हणाले, "नाय. हा मागाहून आला. आता सगळीकडं हाच."

चिलापी मूळची आफ्रिकेतली. आपल्या देशात ती १९५२ साली आणली गेली. मी ते सांगताच दादा म्हणाले, "म्हणजे आमच्यानंतर आली. ही पण कँपवाली!" आणि पुन्हा खदखदून हसले.

मग मुलीने विचारले, "दादा, तुमच्या नदीत कुठले मासे होते?"

दादांनी जे सांगितले ते मी पुढे पडताळूनही पाहिले. सक्करला सिंधू नदीत पल्ला नावाचा मासा येई. बंगाल्यांचा हिल्सा तोच. समुद्रातून नदीत शिरायचा आणि प्रवाहाविरुद्ध शेकडो मैल वर यायचा. सक्करजवळ नदीत एक बेट आहे, जिंदा पीराचे. हिंदू त्याला उदेरोलाल म्हणत, मुसलमान ख्वाजा खिज्र म्हणत, आणि दोघेही नमस्कार करीत. लोक सांगत, की पल्ला त्या पीराच्या दर्शनाला येतो; दर्शन होईपर्यंत त्याला चव नसते, आणि परतताना तो बेटाकडे पाठ करीत नाही. झुलेलालच्या चित्रात देव माशावर बसलेला असतो, तो हाच मासा.

"आणि धरायचे कसे? होडीतून?"

"होडी कशाला? मटक्यावरून!"

मोहाणा कोळी मातीचे मोठे, रुंद मडके पाण्यात सोडत. त्याच्या तोंडावर पालथे पडायचे, पायांनी पाणी मारीत वाहवत जायचे, आणि लांब काठीच्या टोकाला लावलेले जाळे खाली सोडायचे. पल्ला सापडला की पोटाखालच्या मडक्यात. मडके तीच होडी आणि तीच टोपली. पुतण्या हे ऐकून आपल्या तीन कप्प्यांच्या होडीकडे जरा वेगळ्याच नजरेने पाहू लागला.

दुपारी दादा म्हणाले, "मला त्यात बसायचे."

नोकराने लगेच मुलाला फोन लावला. मुलगा नाही म्हणाला. दादा कोणाशीच वाद न घालता पाण्याकडे बघत बसले. ऐंशी उलटलेल्या माणसाला पाण्यात न्यावे की नेऊ नये? काही झाले असते तर कोणाला तोंड दाखवले असते? मी घुटमळत होतो. निर्णय सौभाग्यवतींनी घेतला. त्यांनी फोन आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "भाऊ, जाकीट आहे, दोरी बांधते आहे, पाणी कमरेएवढे आहे आणि मामा पाण्यात उभे राहणार आहेत. माझे वडील असते तरी मी एवढेच केले असते." पलीकडे जरा वेळ काही ऐकू आले नाही. मग मुलगा म्हणाला, "ठीक आहे, ताई."

दादा पुढे बसले, पुतण्या मागे. दोरीचे टोक माझ्या हातात. होडी हलली, तसे दादांनी हात पाण्यात सोडला आणि तो तसाच ठेवला. डोहाच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीत त्यांनी मामांना विचारले, "समुद्रातला मासा इथपर्यंत येतो का?"

मामा म्हणाले, "बाप सांगायचा, पूर्वी खालनं लई मासा चढायचा. आता मधी बंधारे. आन् त्याच्या खाली पाणीच तसं."

हे उत्तर मला स्वतःला द्यावे लागले नाही, याचे बरे वाटले. मोहन्याला बंधारा आहे, बदलापूरला बॅरेज आहे. नळांना पाणी हवे तर ते हवेतच. पण 'पाणीच तसं' याला काय म्हणायचे? काकोळ्याच्या डोंगरातून निघणारी वालधुनी नदी अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहते. ते मंदिर १०६० साली शिलाहारांनी बांधले. नऊशे वर्षे त्या मंदिराशेजारी नदी होती. आमच्या हयातीत तिचा नाला झाला. कारखान्यांचे सांडपाणी, शहरांचे मैलापाणी सगळे तिच्यात, आणि ती कल्याणला उल्हासला मिळते. २०१४ च्या नोव्हेंबरात कोणी टँकरमधून तिच्यात रसायने ओतली, तेव्हा काठावरच्या शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले. आणि उल्हासवर उन्हाळ्याच्या तोंडाला जलपर्णीची हिरवी गोधडी पसरते, ती दुरून पाहणाऱ्याला मोठी सुंदर दिसते.

रात्री शेकोटीपाशी मी दादांना म्हणालो, "तुमच्या सक्करला तरी पल्ला येत असेल." दादांनी मान हलवली. त्यांना ठाऊक होते. ते निघून आले १९४८ साली. सक्करच्या खाली कोत्रीला नवे बॅरेज झाले १९५५ साली, आणि त्यानंतर पल्ल्याची वर येण्याची वाट बंद झाली. "आम्ही तिथे राहिलो असतो तरी नदी गेलीच असती," दादा म्हणाले. "आम्हाला रडायला फाळणी तरी आहे. तुम्ही लोक तर घर सोडून कुठे गेला नाहीत."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला फार लागले. सौ. शेकोटीत लाकूड सारीत राहिल्या. मुलगी तंबूच्या दारातून ऐकत होती.

सोमवारी सकाळी पाणी उतरल्यावर आम्ही निघालो. कचऱ्याची पिशवी मुलीने स्वतः उचलली. मामांनी तिला एक गोष्ट सांगितली. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात, त्याला इकडे वळगण म्हणतात. तेव्हा सगळा गाव हाताने मासे धरतो. "पण पोटात अंडी असलेली मासळी आमी थोडी सोडतो. समदीच खाल्ली तर पुढच्या सालाला काय?" गाडीत बसल्यावर मुलीने हे वाक्य वहीत लिहून घेतले.

सहल संपली असे मला वाटले होते. पण चैत्रात चेटीचंडच्या आदल्या दिवशी दादांचा फोन आला. त्या दिवशी सिंधी मंडळी झुलेलालचा बहिराणा काढतात. दिवा, खडीसाखर, फळे तबकात ठेवून पाण्याकाठी नेतात आणि दिवा प्रवाहात सोडतात. दादा म्हणाले, "इतकी वर्षे जवळच्या घाटावर सोडला. यंदा तिकडे सोडायचा आहे. वर. येणार?"

आम्ही सगळे गेलो. कयाक नव्हती, तंबू नव्हता. उन्हाने बेट तापले होते, पाणी कमी होते, पण वाहते होते. मामांनी उथळ जागा दाखवली. दादांचा मुलगाही या वेळी दुकान बंद करून आला होता. त्याने वडिलांचा दंड धरला. कणकेचा दिवा हळूहळू निघाला, एका खडकाला अडला, तसा मामांनी काठीने त्याला वाट करून दिली. मग तो बदलापूरच्या बाजूला गेला.

मुलीने विचारले, "दादा, तो कुठपर्यंत जाईल?"

दादा म्हणाले, "ते तुमच्यावर आहे, बेटा."